पहिल्या वेढ्यापाशी

आज प्रयोगशाळेत मोटरच्या एका नव्या कॉइलला झटक्याझटक्याने चढणारा विजेचा दाब दिला आणि पडद्यावर ठिपके उमटू लागले. एकेक ठिपका म्हणजे इन्सुलेशनच्या आतल्या एखाद्या बारीक पोकळीत उडालेली ठिणगी. बाहेर ना धूर, ना वास; कॉइल आतल्या आत पोखरत जाते.

ही कॉइल मशीनवर गुंडाळलेली होती. तरीही ठिणग्या पहिल्याच वेढ्यापाशी, जिथे प्रत्येक झटका आधी आदळतो.

मला शालनताई आठवल्या. त्या आमच्याकडे हाताने कॉइल गुंडाळायच्या. त्यांची एक कॉइल मी नेहमीच्या संथ, लाटेसारख्या दाबावर तपासली होती. एकही ठिपका आला नाही. त्यांनी विचारलं होतं, "साहेब, कारखान्यात पण वीज अशीच शांत येते का हो?"

"तुम्ही गुंडाळायचं बघा, ताई," मी म्हणालो होतो.

कारखान्यात ती कॉइल बसवलेली मोटर वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर, म्हणजे झटक्यांवरच चालली. काही महिन्यांत पहिल्या वेढ्यापाशी जळून परत आली. मी अहवालात 'गुंडाळणीतला दोष' असं लिहिलं. ताई काहीच बोलल्या नाहीत. हातातली टेप टेबलावर ठेवून गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत म्हणजे त्यांना पटलं, असं मी धरून चाललो. ठिपका दिसला नाही की आत सगळं ठीक, ही माझी जुनी खोड.

"सर, गुंडाळणीतला दोष लिहू?" शेजारी बसलेल्या मंजूषाने विचारलं.

"नको," मी म्हणालो.

एवढा एकच शब्द तेव्हा हवा होता.