पडकईला जावंच लागतं

संस्कृती केंगले आमच्या कॉलेजात तीन वर्षं होती. त्या तीन वर्षांत ऑफिसच्या खिडकीवर तिने एकदाही अपुरा कागद आणला नाही. एकतीस वर्षं मी ही खिडकी सांभाळतो आहे, तेव्हा ही गोष्ट माझ्या लेखी लहान नाही. बाकीची पोरं बोनाफाईडसाठी येतात आणि विचारतात, "भाऊसाहेब, अर्जावर काय लिहू?" ही लिहून, तारीख घालून, खाली सही करून आणायची. घाटमाथ्यावरच्या आहुप्याजवळच्या एका वाडीतली मुलगी. राहायला मुलींच्या वसतिगृहात. शनिवारी दुपारच्या एसटीने घरी, सोमवारी सकाळच्या गाडीने परत. गाडी चुकली तर शिनोलीपर्यंत मिळेल त्या जीपने आणि पुढे चालत, पण पहिल्या तासाला हजर.

जानेवारीत पुण्याच्या एका संस्थेचं पत्रक आलं. जागतिक विकास या विषयावर विद्यार्थ्यांनी संशोधन करायचं, परदेशातल्या एका विद्यापीठाचं सहकार्य, आणि निवड झालेल्याला पुढे एम.ए.साठी पुण्यात वसतिगृहासकट जागा. प्रत्येक ग्रामीण कॉलेजातून एकच अर्ज. संस्कृतीने पत्रक उभ्यानेच दोनदा वाचलं.

"भाऊसाहेब, हे मला झालं तर मी पुढं शिकंल. न्हाईतर मग परीक्षा झाली की घरी."

तक्रारीचा सूर नव्हता. एसटीची वेळ सांगावी तसं तिने सांगितलं. धाकटे दोघं भाऊ शाळेत होते आणि बाहेर ठेवून शिकवण्याची घरची ताकद पदवीपर्यंतच होती.

दुसऱ्या सोमवारी ती चार पानं लिहून घेऊन आली. विषय होता पडकई. मी जुन्नरचा. बाजारपेठेत वाढलेला, मला हा शब्द ठाऊक नव्हता. तिने खिडकीवरच समजावून सांगितला. डोंगराच्या उतारावर भाताचं खाचर काढायचं तर एका घराच्या हाताने होत नाही. दहा-पंधरा घरं एकत्र येतात. आज एकाच्या उतारावर, उद्या दुसऱ्याच्या. दगड फोडायचे, बांध घालायचा, माती ओढून सपाट करायची. मजुरी नाही. ज्याचं खाचर, त्याच्याकडे जेवण. तिचा प्रश्न असा होता: ज्या वाड्यांवर जेसीबी आला तिथे पडकई मोडली, मग तिच्या वाडीत जेसीबी दोनदा येऊनही ती का टिकली?

माझ्यासारख्या कॉमर्सच्या माणसालाही हा प्रश्न सरळ आणि चांगला वाटला. त्याला सुरुवात होती, तपासण्याजोगी माणसं होती, आणि उत्तर तिला आधी माहीत नव्हतं.

अर्ज इंग्रजीत भरायचा होता. ते काम अर्थशास्त्राचे प्राध्यापक सुभाष वायाळ यांच्याकडे गेलं. मार्गदर्शक म्हणून त्यांचं नाव लागणार होतं. वायाळ सरांना संगणकावर टायपिंग जमत नाही, म्हणजे जमवून घेत नाहीत. ते माझ्या टेबलाशेजारी बसून सांगत होते आणि मी टाइप करत होतो. संस्कृती समोर उभी.

"विषय ठीक आहे," सर म्हणाले, "पण यात दुःख कुठंय?"

"दुःख, सर?"

"अगं, हे विकासाचं आहे. म्हणजे आधी मागासलेपण पाहिजे. आता सांग, मजुरी किती देतात?"

"न्हाई देत."

"दिवसभर राबून?"

"जेवण असतं की. लई चांगलं असतं."

"म्हणजे नुसत्या जेवणावर. बरं, एखादा म्हणाला मी नाही येत, तर चालतं?"

ती हसली. "न्हाई सर. पडकईला जावंच लागतं."

"जावंच लागतं," सर माझ्याकडे वळून म्हणाले. "घ्या भाऊसाहेब." आणि त्यांनी तिला कळणार नाही अशा वेगाने इंग्रजीत वाक्य सांगितलं. त्याचा अर्थ असा होता, की या भागातल्या आदिवासींकडून सक्तीने आणि विनामोबदला श्रम करून घेतले जातात.

मी टाइप केलं. ते वाक्य मला खटकलं होतं. आपल्याकडे लग्नाला जावंच लागतं, मयतीला जावंच लागतं, शेजारी भिंत पडली तर जावंच लागतं. त्या 'च'मध्ये पोलीस नसतो. एवढं मराठी मला येतं. पण मार्गदर्शक ते होते, मी क्लार्क. मी पुढच्या रकान्यावर गेलो.

फोटोही हवा होता. संस्कृतीने मोबाइलवर दाखवला. तिची चुलती बायडाबाई डोक्यावर घमेलं घेऊन, तोंडभर हसत. सरांनी मोबाइल परत केला.

"हसतीये कशाला ही? दुसरा काढ. जरा थकलेला."

पुढच्या सोमवारी दुसरा फोटो आला. बायडाबाई त्यातही हसतच होती, फक्त तोंडावर पदर घेऊन. मी संस्कृतीला विचारलं, हसू नको म्हणून सांगितलं नाहीस का?

"सांगितलं की. तर मला म्हणली, 'का गं, माझं मयत हाय का, तोंड पाडून बसाया?' आन् सगळी बांधावरची हसाया लागली."

सरांनी शेवटी इंटरनेटवरून कुठल्या तरी म्हातारीचा फोटो घेतला. बाई कुठली, कोण, देव जाणे. तिची साडी आपल्याकडची नव्हती, एवढं मी सांगतो. मुदतीच्या शेवटच्या दिवशी घाईने अर्ज गेला. संस्कृतीने फक्त शेवटच्या पानावर सही केली. वाचायला तिला कुणी दिलाच नाही, आणि सरांचं काम तपासायचं असतं हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

तीन आठवड्यांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर फ्लेक्स. 'दुर्गम भागातील आदिवासी कन्येची जागतिक झेप'. वर प्राचार्य, मध्ये वायाळ सर हात जोडून, आणि खाली कोपऱ्यात, ओळखपत्रावरचा फोटो ताणून मोठा केलेली संस्कृती. मुलाखत अजून व्हायची होती. शिपाई दादाभाऊ शिडीवरून उतरून मला म्हणाला, "भाऊसाहेब, लगीन ठरायच्या आधीच वरात काढली राव." मला हसू आलं नाही. अशा फ्लेक्सची मला शिसारी येते. त्यावर ज्याचं कर्तृत्व असतं तो माणूस नेहमी खालच्या कोपऱ्यात असतो.

बोलावण्यासोबत अर्जाचा गोषवारा जोडलेला होता. संस्कृतीने तो वसतिगृहात बसून, एकेक शब्द मोबाइलमध्ये घालून वाचला. मग ती कागद घेऊन खिडकीवर आली.

"भाऊसाहेब, हे कुणी लिवलं? आमच्यात कोण कुणाला राबवून घेतंय?"

मी वायाळ सरांना बोलावलं. ते आले, खुर्चीत बसले, पाय लांब केले.

"अगं, हा शब्दांचा खेळ असतो. त्यांना जे शब्द कळतात ते आपण वापरायचे. शंभर अर्जांत तुझा का निवडला? त्या एका वाक्यावर. मुलाखतीत फक्त हो म्हण. निवड झाली की मग लिही तुला काय लिहायचं ते."

"पण सर, हे खोटं हाय."

"अर्धं खरं आहे. मजुरी देतात का? नाही. जावं लागतं का? लागतं. मग?"

कागदाची घडी घालून ती गेली. दारातून मागे वळून मला विचारलं, "मी हो म्हणले आन् चुलतीला कळलं, तर ती काय म्हणंल?" मी म्हणालो, तिला कसं कळेल? ही माझी अक्कल.

मुलाखत ऑनलाइन होती. कॉलेजात धड इंटरनेट फक्त माझ्या खोलीत, त्यामुळे ती माझ्याच संगणकावर झाली. मी तारा बघायला शेजारी. वायाळ सर कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे कपाटाला टेकून उभे. पडद्यावर तिघं होते. पुण्याच्या दोघी, आणि परदेशातला एक गोरा माणूस, ज्याला त्यातल्या एक बाई भाषांतर करून सांगत होत्या.

भाषांतर करणाऱ्या बाई फार मायेने बोलत होत्या. आजाऱ्याशी बोलावं तसं.

"बाळा, तू घाबरू नकोस. तिथे कुणी आहे का तुझ्या आसपास? मोकळेपणाने सांग. हे काम तुमच्याकडून कोण करून घेतं?"

"कुणीच न्हाई, मॅडम."

"म्हणजे गावचा पाटील? सावकार?"

"न्हाई. आमचं आमीच करतो. आज मी तुमच्या रानात, उद्या तुमी माझ्या."

कपाटाजवळून सर डोळे वटारत होते, हाताने खाली-खाली अशी खूण करत होते. तिने पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"पण तुझ्या अर्जात सक्ती असं स्पष्ट लिहिलं आहे," बाई म्हणाल्या.

"ते चुकलंय. मॅडम, तुमच्या घरी कार्य निघालं आन् शेजारी आले न्हाई, तर तुमाला कसं वाटंल? तसं जावंच लागतं. ती सक्ती न्हवं. जो येत न्हाई त्याला कुणी मारत न्हाई. त्यालाच करमत न्हाई."

बाईंनी ते गोऱ्या माणसाला सांगितलं. त्याने बराच वेळ काही विचारलं. बाईंचा आवाज आता बदलला होता.

"मग अर्जातली माहिती खोटी होती? आणि फोटो?"

इथे ती माझ्याकडे किंवा सरांकडे नुसतं बघू शकली असती. मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. टाइप करणारी बोटं माझी होती. मी पुढे वाकून एक वाक्य बोललो असतो, की मुलीने हे लिहिलेलं नाही, तर कदाचित काही वेगळं झालं असतं. निवृत्तीला सात महिने उरलेत, पेन्शनचे कागद प्राचार्यांच्या सहीसाठी अडकलेत, हे माझ्या डोक्यात त्या क्षणी किती स्वच्छ आलं! मी माऊसची तार सरळ करत बसलो.

"सही माझी हाय, मॅडम," ती म्हणाली. "वाचून करायला पायजे व्हती."

पडदा बंद झाल्यावर सर एवढंच बोलले, "शब्द एक होता. गिळला असतास तर पुण्यात असतीस." आणि चहाला निघून गेले.

चार दिवसांनी नकार आला. कारण, 'माहितीत विसंगती'. फ्लेक्स दादाभाऊने त्याच दुपारी उतरवला आणि उलटा करून सायकल स्टँडच्या पत्र्यावर टाकला. संस्कृतीने परीक्षा दिली, वसतिगृहाची खोली झाडून दिली, ना-देय दाखला मागायला माझ्याकडे आली. अर्ज नेहमीसारखा बिनचूक. मी म्हणालो, पुढच्या वर्षी बघू काहीतरी. ती "हो" म्हणाली. दोघांनाही माहीत होतं, की बघण्यासारखं काही नाही.

इथे हे संपलं असतं तरी माझ्या तोंडाची चव गेलीच असती. पण वायाळ सरांनी त्या संस्थेला स्वतंत्र पत्र लिहिलं होतं. विषय त्यांना महत्त्वाचा वाटतो, विद्यार्थिनी भावनेच्या भरात बोलली, प्रत्यक्ष पाहणी व्हावी, स्थानिक सल्लागार म्हणून आपण तयार आहोत. संस्थेने मान्य केलं. एप्रिलमध्ये संस्थेच्या दोन माणसांना घेऊन सर तिच्याच वाडीवर गेले, पडकईच्या दिवशी.

तिथे काय झालं ते मला त्यांच्या जीपवाल्याने सांगितलं. माणसं बांधावर काम करत होती. हे तिघं वर उभे राहून विचारत होते, तुम्हाला कोण बोलावतं, नाही आलात तर काय करतात. बायडाबाई म्हणाली, "पावणं, उनात उभं का? घमेलं तरी धरा." कुणी धरलं नाही. मग कुणी त्यांच्याशी बोललंही नाही. संस्कृती खाली दगड रचत होती. तिने सरांना नमस्कार केला आणि पुन्हा दगडाला हात घातला. दुपारी पंगत बसली तेव्हा मात्र पाहुण्यांना आधी वाढलं, हाताला हात लावून आग्रह केला. प्रश्नांची उत्तरं तेवढी कुणी दिली नाहीत.

परवा वायाळ सर हाताने लिहिलेला अहवाल घेऊन टायपिंगला आले. दीड पान. त्यात लिहिलं होतं, की ग्रामस्थ प्रचंड दडपणाखाली असून बाहेरच्या माणसाशी बोलायला घाबरतात. आणि संबंधित विद्यार्थिनीने मुलाखतीत केलेला इन्कार हाही याच दडपणाचा पुरावा मानावा लागेल.

मी ते दोनदा वाचलं. तिचं खरं बोलणंही आता तिच्या विरुद्धचा पुरावा झालं होतं. कागद मी त्यांच्या हातात परत दिला आणि म्हणालो, "हे मी टाइप करणार नाही, सर."

त्यांना राग आला नाही. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, माझ्याच समोरच्या खुर्चीत बसले, आणि मोबाइल तोंडाजवळ धरून सगळा अहवाल त्याला बोलून दाखवला. दहा मिनिटांत तो आपोआप टाइप झाला. आज संध्याकाळी तो पुण्याला गेला.

जूनमध्ये संस्कृती गुणपत्रिका न्यायला खिडकीवर येईल. तिला यातलं काही सांगायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.