मेन स्विच पाडायची सवय

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. पण सावली गावाकडच्या एका राइस मिलमध्ये अडतीस वर्षं मशीन चालवली. मशीनच्या अंगावर तळहात ठेवला की आत काय बिघडलं ते मला कळायचं. त्या आवाजात कान गेले, हात मात्र शाबूत राहिला. ह्या गोष्टीचा मला गर्व होता, आणि तो लपवायची गरज मला कधी वाटली नाही.

आदल्या वर्षी बायकोला झटके सुरू झाले. बोलता बोलता डोळे फिरायचे, अंग ताठ व्हायचं, तोंडाला फेस. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. एकही चुकली तर पुन्हा झटका येऊ शकतो, असं बजावून सांगितलं. पण त्या आजारानं तिची आठवणही पातळ झाली होती. घेतली की नाही हेच तिला कळेना. एक दिवस तिनं दोनदा घेतली आणि संध्याकाळपर्यंत दारुड्यासारखी डुलत राहिली.

आमची एकच मुलगी, नागपूरला नोकरीत. ती म्हणाली, "बाबा, आईले मी माझ्याकडे नेईन."

मी म्हटलं, "काऊन? मी मेलो का?"

"तुमाले ऐकू येत नाई, तिले आठवत नाई. कसं जमन?"

"अडतीस वर्षं मशीन सांभाळली, एक गोळी नाई सांभाळू शकत?"

तीही माझीच मुलगी. पंधरा दिवसांनी तिनं तिच्याकडचा जुना कॉम्प्युटर आणला, समोरच्या खोलीत टेबलावर मांडला, आणि त्याला दोन मोठे स्पीकर जोडले. माझ्या मोबाईलची घंटी मला ऐकू येत नाही, पण हे स्पीकर आवारात बसलो तरी ऐकू यायचे. कॉम्प्युटरच्या कॅलेंडरमध्ये तिनं रोजचं टाकून दिलं. आठ वाजले की मोठ्यानं गाणं वाजे आणि पडद्यावर ठळक अक्षरं येत, 'आईची गोळी'. गोळी दिली की मी त्यावर बटन दाबायचं. जाताना तिनं सांगितलं, "हा बंद नाई करायचा. पडदा काळा झाला तर होऊ द्या, आतून चालूच राह्यते. अन् बाबा, एकदा जरी चुकलं ना, तर आईले मी घेऊन जाईन. मंग तुमी कितीही बोंबला."

बायको तिथेच बसून होती. मुलीची बस गेल्यावर मला म्हणाली, "मले नाई जाचं नागपूरले. तिथी मले संडासाचं दारही समजत नाई कोनतं हाय ते."

मी म्हटलं, "कोन पाठवून राह्यलं तुले?"

काही महिने सगळं बरोबर चाललं. फक्त मुलीनं सांगितलेली एक गोष्ट मी ऐकली नाही. मिलमध्ये माझा एक नियम होता. काम संपलं की मेन स्विच पाडायचा, मगच घरी जायचं. एकदा दुसऱ्या पाळीच्या माणसानं तो पाडला नाही, तर तुसाच्या ढिगाला आग लागून शेडचा अर्धा पत्रा वाकला होता. चालू मशीन एकटी सोडून झोपायचं हे माझ्या अंगात बसतच नव्हतं. म्हणून संध्याकाळची गोळी झाली की मी भिंतीवरचा स्विच पाडायचो, आणि सकाळी उठल्यावर कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायचो. स्विच पाडला तरी त्यातलं घड्याळ बरोबर राहायचं. मला वाटलं, मुलीला काय कळतं.

डिसेंबर लागला आणि एका सकाळी कॉम्प्युटर वाजलाच नाही. नऊ वाजले तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं, तर जानेवारी महिना, आणि साल दहा-बारा वर्षांपूर्वीचं. बायकोला गोळी दिली, मुलीला कळवलं नाही. दिवसभर त्या माऊसशी झटापट करून वेळ कशी बदलायची ते मी शोधून काढलं. मनगटावरचं घड्याळ पाहून वेळ लावली. मोठा खूश झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जानेवारी. पुन्हा वेळ लावली, तरी आठला वाजलं नाही.

चौकात मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानदार माझ्या मुलीच्या वर्गातला. दोघांचं अजूनही फोनवर बोलणं असतं, हे मला माहीत होतं. म्हणून मी त्याला म्हटलं, "धानोऱ्याला आमच्या एका पाहुण्याकडे असं होऊन राह्यलं."

त्यानं सगळं ऐकलं आणि हसला. "भाऊ, तो पाहुना रोज मेन पाडते का?"

"पाडत असन."

"त्याले सांगा, मशीनच्या आत एक लहानसा सेल राह्यते. लाईट गेली तरी तो घड्याळ चालू ठेवते. तो सेल खतम झाला. आता मेन पाडला का मशीन सारं इसरून जाते. अन् निस्ती वेळ लावून होत नाई, तारीख बी लावा लागते. रोजचं जे टाकलं ना, ते औंदाच्या सालापासून सुरू हाय. मशीन जुन्या सालात असन तर तिच्या हिशोबानं ते काम अजून आलंच नाई, मंग ते वाजन कसं?"

"बरं."

"पाहुन्याले म्हना घेऊन या. पाच मिनिटाचं काम. नाईतर मीच येतो ना पाहुन्याच्या घरी, सायकलनं दोन मिनिटं." असं म्हणून त्यानं आमच्या गल्लीकडे बोट दाखवलं.

दुकानातली दोन माणसं हसली. मी उठून घरी आलो. तो आला असता तर चार दिवसांत मुलीला कळलं असतं, आणि बायको नागपूरला गेली असती. खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. त्या हसणाऱ्या माणसांसमोर 'मशीन माझीच' हे मला म्हणता आलं नाही. मेन न पाडणंही जमलं नाही. त्यापेक्षा रोज सकाळी वेळ आणि तारीख दोन्ही लावायची, असं मी ठरवलं. आठ-नऊ दिवस लावलीही. आणि बायकोला ताकीद दिली, "वाजल्याशिवाय गोळी घ्यायची नाई. मागं दोनदा घेतली होती, ध्यानात हाय ना?"

ती म्हणाली, "बरं जी."

मग तो दिवस आला. सकाळी सात वाजता मी कॉम्प्युटर सुरू करून वेळ लावत होतो. तेवढ्यात मिलमधला माणूस मोटरसायकल घेऊन दारात. "भाऊ, चला ना. मशीन कुरकुर करून राह्यली, धान तुटून राह्यलं. कोनालेच समजत नाई. मालक म्हनते, बुढ्याले आना."

हे ऐकून मला काय वाटलं ते मी सांगणार नाही. पायात चप्पल घातली. बायकोला ओरडून सांगितलं, "वाजलं का गोळी घेजो," आणि मागे बसलो. वेळ लावून झाली होती. तारीख राहिली होती.

मिलमध्ये मशीनवर हात ठेवला. एक बेअरिंग गेलं होतं. सगळे भोवती जमले, चहा आला, पुन्हा चहा आला. मी दोन वाजेपर्यंत थांबलो. थांबायचं काही कारण नव्हतं.

घरी आलो तर दारात बाया. बायकोला नुकताच झटका आला होता, भाजी चिरताना ती विळीवरच पडली होती. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत फाटला होता. शेजारच्या बाईनं लुगडं बांधलं होतं, ते भिजून गेलं होतं. दुरुस्तीच्या दुकानवाल्याची गाडी बोलावली आणि दवाखान्यात नेलं. वाटेत शेजारची बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दहा वाजता मले टाईम इचारला तिनं. मी म्हनलं, दहा. तर म्हनते, अजून वाजलं नाई, वाजल्याशिवाय घ्यायची नाई म्हनून सांगितलं याहीनं. आंगनातच बसली होती भाऊ, वाट पाहत."

दवाखान्यात हाताला टाके पडले. दोन बोटं हलेनात. डॉक्टर म्हणाले, पुढे हलतील की नाही ते आत्ता सांगता येत नाही. मग तिला विचारलं, "बाई, गोळी चुकली का?"

ती म्हणाली, "मीच इसरली जी. याहीनं सांगून ठेवलं होतं."

झटक्यानंतर आधीचं काही आठवत नाही, असं म्हणतात. तिला खरंच आठवत नव्हतं, की तिनं मला झाकलं, हे मला आजही माहीत नाही. मी तिथेच उभा होतो. डॉक्टरांनी ते तसंच लिहून घेतलं.

संध्याकाळी खिशातला फोन थरथरला, मुलीचा होता; कानाशी गच्च धरला की तिचं बोलणं मला कळतं. दुकानवाल्यानंच कळवलं होतं, पण कॉम्प्युटरचं काही त्यानं सांगितलं नव्हतं. मुलीनं पहिलं हेच विचारलं, "बाबा, सकाळी वाजलं होतं का?"

मी म्हटलं, "वाजलं."

"मंग?"

"तिनंच नाई घेतली."

मुलीनं आईला फोन द्यायला लावला. मी फोन तिच्या कानाला धरला. काय बोलणं चाललंय ते मला ऐकू येत नव्हतं, पण मुलीचा चढलेला सूर कळत होता. बायको छताकडे पाहत नुसती म्हणत होती, "हो माय. चुकलं माय. आता नाई इसरत." फोन बंद झाल्यावर तिनं मला विचारलं, "जेवले का जी तुमी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मनगटावरचं घड्याळ पाहून मी तिला गोळी दिली, पाणी पाजलं. मग दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन मुलीला फोन लावला. मी स्वतःहून कधी फोन करत नाही, म्हणून ती घाबरूनच बोलली, "काय झालं? आई कशी हाय?"

मी म्हटलं, "बरी हाय. काल मशीन वाजली नव्हती. पंधरा दिवस होत आले, तिचं घड्याळ बिघडलं. मले माहीत होतं. मी मेन पाडत होतो, अन् काल तारीख न लावता मिलमधी गेलो. तिले मीच सांगून ठेवलं होतं, वाजल्याशिवाय घेऊ नको म्हनून. तिची काही चूक नाई."

मी फोन कानाशी आणखी दाबला.

मग ती म्हणाली, "आत्ताची देली?"

"देली. आठले."

"मी निघून राह्यली."

"ये. घेऊन जाय तिले."

फोन खिशात टाकला आणि चालत घरी गेलो. लोखंडी पेटीतून तिची चार लुगडी काढली, स्वेटर काढलं, गोळ्यांची पाकिटं आणि डॉक्टरांचा कागद वेगळ्या पिशवीत घातला. पिशवीला गाठ मारली आणि मुलगी यायच्या आत दवाखान्यात परतलो.