उपासनाताईचं बुलपेन

श्रूजबरी सोडून मला बरीच वर्षं झाली. तरी एप्रिल लागला की मला तिथल्या अपार्टमेंटमधला वास आठवतो. कढीपत्त्याच्या फोडणीचा आणि दुखण्यावर चोळायच्या मलमाचा, दोन्ही एकत्र. फोडणी माझी, मलम उपासनाताईचं.

२००४ मध्ये मी पुण्याहून अमेरिकेत, श्रूजबरीला लागून असलेल्या वूस्टरला पीएचडीसाठी आले, तेव्हा उपासना रामटेके माझी रूममेट झाली. नागपूरची फिजिओथेरपिस्ट, माझ्याहून मोठी, म्हणून पहिल्या दिवसापासून ताई. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिची छोटी बुद्धमूर्ती होती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो. सकाळची वंदना झाली की डबा घेऊन ती कामावर निघायची. काम होतं एका लहानशा लीगमधल्या बेसबॉल क्लबात.

"ताई, तुला बेसबॉल कळतं?" मी विचारलं होतं.

"नाही गं. पण खांदे कळतात."

ज्या दिवशी लॅबला दांडी मारणं शक्य असे, त्या दिवशी ती मला सामन्याला घेऊन जायची. मी बुलपेनच्या जाळीशेजारी बसून विद्यार्थ्यांचे पेपर तपासायची. बुलपेन म्हणजे मैदानाच्या कडेची राखीव पिचरांची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांची, चिंचोळी जागा. सामना सुरू करणारा पिचर थकला की तिथला फोन वाजतो आणि बाकावरचा कोणीतरी उठून हात गरम करायला लागतो. शेवटच्या, नवव्या इनिंगला जो येतो, त्याचा मान सगळ्यांत मोठा.

आमच्याकडे तो मान जिम पेल्टिअरचा होता. जिम वूस्टरचाच, मोठ्या लीगमध्ये थोडे दिवस खेळून परत आलेला. त्या लीगमध्ये सगळे एका सीझनच्या बोलीवर यायचे, पण मालकाने जिमला चार वर्षांचा करार दिला. गावात त्याची केवढी चर्चा! तिकिटावर जिमचा चेहरा, गेटवर जिमचा चेहरा.

पहिली दोन वर्षं छान गेली. तिसऱ्या वर्षी, २००६ च्या उन्हाळ्यात, जिमच्या चेंडूचा वेग उतरला. हातातले सामने नवव्या इनिंगला निसटायला लागले. मॅनेजर मॅकब्राइड काही आंधळा नव्हता. पण करार मालकाने केलेला आणि अजून एक वर्ष बाकी. नववी इनिंग दुसऱ्याला देणं म्हणजे मालकाची चूक भर मैदानात दाखवणं. मग त्याने दुसरा मार्ग काढला. जिम येईपर्यंत आघाडी मोठी राहावी म्हणून सातवी आणि आठवी इनिंग तो एलियासला द्यायचा, जवळजवळ रोज.

एलियास डोमिनिकन रिपब्लिकचा, हसरा, हातात वीज असलेला. त्याचा करार एका सीझनचा. जिमचा हात पुढच्या वर्षीही आपलाच, म्हणून त्याला विश्रांती. एलियासचा हात सप्टेंबरनंतर दुसऱ्या कुणाचा, म्हणून वापरून घ्या. असं उघड कोणी बोलत नसे, पण फोन वाजला की एलियासच उठायचा.

ताईचाही करार एकेका सीझनचाच होता, आणि व्हिसा त्या करारावर. रविवारी नागपूरहून आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "परमनंट झाली का तू?" वडील कामाला होते ती गिरणी बंद पडलेली, त्या घरात 'परमनंट' हा शब्द देवाच्या जागी होता. ताई म्हणायची, "होईल गं आई."

जुलैत एकदा एलियास तिच्या टेबलावर बसला आणि कोपराला हात लावू देईना. तिने हळूहळू तपासलं. आतला लिगामेंट ताणला गेला होता.

"उपा, कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "दुखतंय म्हटलं तर पुढच्या वर्षी मला कोण घेईल?"

"आणि तुटलं तर कोण घेईल? मी सांगणार आहे. तुझ्या माघारी नाही, म्हणून आधी तुलाच सांगतेय."

तो रुसून निघून गेला. ती तडक मॅकब्राइडकडे गेली. किमान महिनाभर याने चेंडू फेकायचा नाही, म्हणाली.

"मग सातवी-आठवी कोण टाकणार?"

"जिम टाकू शकतो. वेग नाही, पण हात शाबूत आहे."

"जिम नवव्यातच येतो," मॅकब्राइड म्हणाला आणि भिंतीवरच्या जिमच्या पोस्टरकडे बोट करून कपाळ चोळत बसला. "बघतो काय करायचं ते."

त्या संध्याकाळी ताईच्या पोळ्या नकाशासारख्या झाल्या. "बघतो म्हणे. उद्या पुन्हा त्यालाच उठवतील बघ."

दुसऱ्या दिवशी जिम टेबलावर पालथा पडलेला असताना त्यानेच विषय काढला.

"खरं सांग उपा, वेग परत येईल?"

तिचा हात थांबला. "नाही."

"दोन महिने सगळे मला 'येईल, येईल' म्हणतायत. पोराच्या कोपराला काय झालंय?"

"त्याच्याबद्दल मला तुझ्याशी बोलता येणार नाही."

"नको बोलूस. मी रोज त्याच्या शेजारी बसतो. हल्ली डाव्या हाताने कॉफी पितो तो."

जिम शर्ट घालून सरळ मॅकब्राइडच्या खोलीत गेला. दुपारी मालकही आला. दार उघडंच होतं, त्यामुळे ताईला सगळं ऐकू आलं. मालक चढ्या आवाजात म्हणत होता, लोक तिकीट काढतात ते नवव्या इनिंगच्या जिमसाठी. जिम शांतपणे म्हणाला, "माझ्या करारात पगार लिहिलाय. नववी इनिंग कुठेच लिहिलेली नाही."

बाहेर आल्यावर तो ताईला म्हणाला, "एलियासला हे बोलता येणार नाही. तुलाही अवघडच. मला अजून वर्षभर कोणी काढू शकत नाही. मग मी नाही तर कोण बोलणार?"

पुढच्या रविवारी दुपारी मी जाळीशेजारीच होते. सहाव्या इनिंगला फोन वाजला आणि जिम उठला. लोक गोंधळले. माझ्या मागची म्हातारी ओरडली, "अरे, अजून वेळ आहे!" जिमने तिच्याकडे बघून टोपी हलवली आणि चालत मैदानात गेला. त्याचे संथ, वळणारे चेंडू समोरच्याला कळेनात. एक धाव गेली, पण बाकी त्याने निभावलं, आणि नववी दुसऱ्याच एका पोराने टाकली. टाळ्या पडल्या त्या विरळच. ताईचं तिकडे लक्ष नव्हतं. बाकावर हात मांडीत घेऊन बसलेल्या एलियासकडे ती बघत होती.

तो ऑगस्ट मला फार आठवतो. बुलपेनमध्ये पहिल्यांदाच हसणं ऐकू यायचं. जिम एलियासला हातवारे करून संथ चेंडू शिकवायचा. एलियासचा रुसवा गेला. ताईचं चिवड्याचं पाकीट तो न विचारता उघडायला लागला. महिनाअखेरीस त्याचं कोपर बरं झालं आणि तो खेळला. क्लब प्लेऑफला गेला नाही, थोडक्यात हुकलं.

सीझन संपला तेव्हा ताईचा करार पुढे वाढला नाही. कारण कोणी दिलं नाही, आणि तिने विचारलंही नाही. दोन दिवसांनी जिम आणि त्याची बायको ॲपल पाय घेऊन घरी आले. ताईने पाटवडीचा रस्सा केला. जिम घामाघूम होत, डोळे पुसत दोनदा वाढून घेत होता, आणि ताई कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली.

व्हिसाच्या धावपळीत तिला दूर दक्षिणेतल्या मॉरिसव्हिलच्या एका क्लिनिकमध्ये नोकरी मिळाली. आईला तिने सगळं खरं सांगितलं. पलीकडून आई एवढंच म्हणाली, "पोराचा हात वाचला ना? मग ठीक केलं तू."

२००८ मध्ये मी तिला भेटायला मॉरिसव्हिलला गेले. एलियासला वरच्या लीगमध्ये दोन वर्षांचा करार मिळाला होता. पहिला फोन त्याने बायकोला केला, दुसरा हिला. जिम एका शाळेत पोरांना चेंडू फेकायला शिकवत होता.

"इथे सगळ्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या माना गं," ताई म्हणाली. "चेंडू फेकणारा एक खांदा मिळेल तर शपथ. त्या जाळीमागच्या बाकाची फार आठवण येते, यार."

त्या शनिवारी क्लिनिकमधल्या बायकांची सॉफ्टबॉलची मॅच होती. ताईला त्यांनी पिचर केलं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांचे खांदे सांभाळलेल्या बाईने पहिल्यांदा स्वतः चेंडू हातात घेतला, दुपट्टा कमरेला बांधला आणि जोरात फेकला. चेंडू बॅटला लागून सरळ पार्किंगमध्ये गेला. ती कमरेवर हात ठेवून तो जाताना बघत राहिली, मग मागे वळून मला ओरडली, "ज्ञानदा, बघत काय बसलीस? आण ना तो!"