मधल्या पाण्यात बंद पडलेली मोटार

साठच्या दशकातली ती घटना आठवली की माझा आजही गोंधळ उडतो. पोलिसाच्या नोकरीत खून, दरोडे पाहिले. त्यांचे कागद मिटले तसे ते मनातूनही मिटले. हे प्रकरण मात्र कोणाचाही हेतू वाईट नसताना घडलं, आणि ते मिटलं नाही.

सांगलीहून माझी नुकतीच कोयनेच्या बाजूला बदली झाली होती. धरणाचं पाणी नव्यानं चढलं होतं. पूर्वी चालत जायच्या वाटा पाण्याखाली गेल्या होत्या आणि पलीकडच्या वाड्यांना एकाच खाजगी बोटीचा आधार होता. बोटीच्या मागच्या फळीवर एक जुनी मोटार बसवलेली असे. नावाड्यानं ती मुंबईहून कोणाकडून तरी वापरलेली आणली होती.

एके दिवशी दुपारी पलीकडच्या एका तरुण शेतकऱ्याच्या बायकोला गवत कापताना नाग चावला. नवऱ्यानं तिला उचलून बोटीत घातलं. नावाडी, नवरा आणि ती, असे तिघंच होते. अर्धं पाणी तोडल्यावर मोटार बंद पडली. नावाड्यानं ती चालू केली, ती थोडी चालली आणि पुन्हा बंद पडली. असं तीनदा झालं. शेवटी दोघांनी वल्ही मारली. समोरून वारा होता. दोन तासांनी बोट काठाला लागली तेव्हा बाई गेलेली होती.

नवऱ्यानं ठाण्यात येऊन फिर्याद दिली. "ह्यानंच मारलं तिला, साहेब. पेट्रोलात भेसळ करतो ह्यो." मी बोट, मोटार आणि टाकी जप्त केली, पंचनामा करून सगळ्यावर सील लावलं. दुसऱ्याच दिवशी काठावरच्या चहावाल्यानं खबर दिली की नावाडी डबा घेऊन पेट्रोलात काहीतरी ओतताना त्यानं स्वतः पाहिलंय. टाकीतला नमुना काढला तर तो तेलकट, काळपट निघाला. मी नावाड्याला अटक केली.

नावाडी पन्नाशीचा, अबोल माणूस. चौकशीत मी सरळच विचारलं, "पेट्रोलात तेल मिसळलंस?"

"व्हय साहेब. मीच मिसळलं."

इतक्या लवकर कबुली मिळाली की पोलिसाला खरं तर शंका यायला हवी. मला आनंद झाला. तो पुढं म्हणाला, "न्हाई मिसळलं तर इंजान जळंल." मला वाटलं, सारवासारव करतोय.

"मग मोटार बंद का पडली?"

"त्येच कळंना झालंय. हवा तर उघडी हुती."

इथं मी त्याला पकडलंच. साक्षीदार सांगत होते की त्या दुपारी वारा जोराचा होता, आणि हा म्हणतोय हवा उघडी होती, म्हणजे वारावादळ काही नव्हतं! खोटं बोलतोय, असा शेरा मी केस डायरीत मारला. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून मोटारीचा जाणकार शोधू लागलो. जबाब लिहून घेणाऱ्या आमच्या रायटर हवालदारांनी रहिमतपूरचा एक मिस्त्री सुचवला. फौजेत त्यानं बोटी चालवल्या होत्या.

मिस्त्री आला. त्यानं नमुना बोटावर घेतला, वास घेतला आणि माझ्याकडं पाहिलं. "साहेब, ह्यात भेसळ न्हाई. ह्या मोटारीला पेट्रोलात तेल घालावंच लागतं. न्हाई घातलं तर आतलं जाम हुतंय."

चार दिवस मी एका माणसाला त्याचं काम नीट केल्याबद्दल कोठडीत ठेवलं होतं.

"मग बंद का पडली?" माझा तोच प्रश्न.

पंचांसमोर सील काढलं. ठाण्याच्या मागं पाण्याच्या पिंपात मोटार उभी केली. दोरी ओढताच ती सुरू झाली. मी मिस्त्रीकडं पाहिलं, मिस्त्री घड्याळाकडं. दहा मिनिटांनी ती धापा टाकत बंद पडली. मिस्त्रीनं प्लग काढला, ठिणगी ठीक होती. कार्बोरेटर उघडला, तो कोरडा होता. "पेट्रोलच येत न्हाई," तो म्हणाला. नळी काढून फुंकली, मोकळी निघाली. गाळणी स्वच्छ. सगळं जोडलं, मोटार चालू झाली आणि पुन्हा तशीच बंद पडली. माझं डोकं चालेना. टाकीत पेट्रोल आहे, वाट मोकळी आहे आणि तरी पोचत नाही!

मिस्त्री नळीच्या मागोमाग टाकीपाशी गेला. मग त्यानं टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स करून आवाज आला. झाकणावरच्या छोट्या पितळी स्क्रूवर बोट ठेवून तो म्हणाला, "रॉकेलच्या डब्याला एकच भोक पाडलं तर त्याल येतं का? हवा आत जायला दुसरं लागतंय. ही हवेची वाट हाय, आन् ती बंद हाय."

नावाडी म्हणत होता ती हवा ही होती. मी त्याला कोठडीतून बाहेर आणवलं.

"बंद?" तो चक्रावून बघत राहिला. "निघताना मी सोताच्या हातानं उघडली हुती, साहेब. म्हणून तर पुन्यांदा बघितली न्हाई. बंद पडली की झाकान काढून पेट्रोल बघायचो, परत लावायचो." झाकण काढलं की तेवढी हवा आत जायची, म्हणून मोटार तीनदा चालू झाली होती.

मग ती बंद केली कोणी? मी फिर्यादीला पुरवणी जबाबासाठी बोलावलं. पहिल्या वेळी तो रागात होता आणि मी घाईत. या वेळी म्हटलं, "बोटीत बसल्यापासून सगळं सांग. बारीकसारीकही."

तो सांगत गेला. "तिला लय मळमळाय लागलं. म्हणाली, वास सोसंना. टाकी तिच्या उशालाच हुती. मी झाकान आवळलं. वरचा बारका स्क्रू ढिला दिसला, त्यो बी घट्ट केला. मग पदरानं तिला वारा घातला..."

रायटरचं लिहिणं थांबलं. मी "पुढं?" म्हणालो, पण पुढचं मी ऐकलं नाही.

तो गेल्यावर, सुटकेचे कागद होईपर्यंत परत कोठडीत बसलेला नावाडी म्हणाला, "साहेब, आयकलं मी. त्याला कळू देऊ नगा. माझं काय व्हायचं ते हूं द्या."

"तुझं काही होणार नाही. पण हे कागदावर जाणार. उद्या दुसऱ्या कोणी त्याला सांगितलं तर?"

दुसऱ्या दिवशी मी त्या नवऱ्याला बोलावून स्क्रूचं सांगितलं. तो बाकावर बसून होता. मग विचारलं, "त्यो स्क्रू उघडा असता तर ती वाचली असती?"

"डॉक्टरांनाही सांगता येत नाही," मी म्हणालो. ते खरं होतं. मी विचारून आलो होतो.

"मग मला आत घाला."

"यात गुन्हा नाही."

"आसं कसं? तिचा जीव गेला न्हवं?"

नावाड्याच्या सुटकेचे कागद झाले, बोट ताब्यात दिली. तो बाहेर आला, फिर्यादीच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "ऊठ गड्या. वारा पडलाय. घरला सोडतो." दोघं काठाकडं चालत गेले. नावाड्यानं मोटार चालू केली नाही. वल्ही मारतच त्याला पलीकडं नेलं.

मी 'गुन्हा निष्पन्न होत नाही' असा अहवाल पाठवला. वरिष्ठांनी तपासाबद्दल शाबासकी दिली, ती मला घेता आली नाही. आरोप करायला माणूस होता तोवर तो नवरा रागानं का होईना उभा होता. माझ्या तपासानं तो माणूस निर्दोष सुटला, आणि त्याच्या जागी मी नवऱ्यालाच उभं केलं. पुढं कितीतरी तपास केले, सत्य शोधणं हे माझं काम, असं नवीन पोरांना शिकवलंही. पण सापडलेलं सत्य कोणाच्या हातात द्यायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी मी त्याला सांगितलं ते बरोबर केलं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.