आई तासाला बसली तो दिवस

विद्यापीठाच्या विधी विभागात आम्ही तिघे जण एकाच दिवशी रुजू झालो. सायबर कायदा शिकवायला पुण्याहून आलेला एक तरुण, राज्यघटना शिकवणाऱ्या एक बाई आणि मी. तिघांना गुलाबाचं एकेक फूल मिळालं, एकाच बॉक्समधले पेढे मिळाले. मग वेळापत्रक हातात पडलं. त्या दोघांचे तास अकराला आणि बाराला होते, माझा सकाळी साडेसातला, आणि विषय कौटुंबिक कायदा. विभागात सगळ्यात नवीन येणाऱ्यानं सकाळचा पहिला तास घ्यायचा, अशी म्हणे रीतच होती. नवीन आम्ही तिघेही होतो, पण गावातलीच, कोल्हापूरची मी एकटी, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली.

"मॅडम, हा विषय कुणाला नको असतोय," विभागप्रमुख मोकळेपणानं म्हणाले. "पण तुम्ही इतकी वर्षं कोर्टात काढलीसा, तुम्हाला जमंल. फक्त एक सांगतो. इथं शिकवायचं. भांडायचं न्हाय."

मी भांडखोर आहे हे गावाला माहीत आहे. वकिलीत तो गुण म्हणून खपून गेला. पूर्णवेळ शिकवायचं तर सनद स्थगित करावी लागते. ती मी केली, काळा कोट धुऊन कपाटात टांगला. चाळिशी उलटल्यावर, दोनदा मुलाखतीतून हात हलवत परत आल्यावर ही नोकरी मिळाली होती. ती नेटानं करायची, आणि साडेसातला वर्गात उभं राहायचं म्हणजे राहायचंच, एवढं मी ठरवून टाकलं होतं.

नोकरी लागल्याचे पेढे घेऊन मी माहेरी कोडोलीला गेले. वडील जाऊन वर्ष झालं होतं. धाकट्या भावानं पेढा तोंडात टाकला, बरं वाटल्याचं सांगितलं आणि त्याच दमात म्हणाला, "आक्का, आता तुला काय कमी हाय? युनिव्हर्सिटीत लागलीस. आता तेवढा कागद करून टाकूया की. वकिलाला कशाला पैसे घालवायचं, तूच लिही."

कागद म्हणजे हक्कसोडपत्र. वडिलांच्या पाठीमागे सातबाऱ्यावर आईचं, भावाचं आणि माझं अशी तीन नावं लागली होती. बहिणीनं आणि आईनं आपला हक्क सोडल्याचं लिहून द्यायचं, म्हणजे जमीन एकट्या भावाच्या नावावर होते. आमच्याकडं हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की कुणी त्याला मागणं म्हणतच नाही. कोर्टाच्या आवारात असताना मी ते कितीदा पाहिलं होतं. भाऊ जीप करून बहिणींना आणतो, सह्या होतात, मग समोरच्या हॉटेलात सगळ्यांना मिसळ, आणि बहिणींच्या मांडीवर नव्या साडीची एकेक पिशवी. बहिणी हसत घरी जातात. माहेरचं दार उघडं राहिलं, याचा त्यांना खरोखरच आनंद झालेला असतो.

माझा भाऊ वाईट नाही, हे आधीच सांगते. वडिलांच्या आजारपणात त्यानं रात्री काढल्या, ऊस त्यानं सांभाळला, म्हशी त्यानं सांभाळल्या. दरवर्षी गुऱ्हाळ सुरू झालं की पहिली गुळाची ढेप माझ्या घरी पोचवायचा. म्हणूनच मला त्या दिवशी सरळ नाही म्हणता आलं नाही. "बघू," म्हणाले आणि उठले. त्यानं त्याचा अर्थ हो असा घेतला, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

इकडं वर्ग सुरू झाला होता. कुणी डेअरीला दूध घालून यायचा, कुणी गगनबावड्याकडच्या पहिल्या एसटीनं, कुणी इचलकरंजीत यंत्रमागाची रात्रपाळी संपवून थेट बाकावर. झोप लागली त्याला मी झोपू द्यायचे. घोरायला लागला तर शेजाऱ्यानं कोपर मारायचं, असं आमचं ठरलं होतं. मुलं तयारीची होती. पुस्तकातलं वाक्य सांगितलं की माना खाली घालून उतरवून घ्यायची, आणि गावातलं उदाहरण दिलं की माना वर.

वारसाहक्काचं प्रकरण आलं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आणि जन्मापासूनच, हे मी फळ्यावर लिहिलं. मग हक्कसोडपत्रावर आले. बहीण दबावाखाली सही करते आणि कागदावर मात्र 'राजीखुशीनं' असं लिहिलेलं असतं, हे जरा तावातावानंच सांगितलं. गगनबावड्याकडून येणारी एक मुलगी पुढच्या बाकावर बसायची. एरवी तोंडातून शब्द काढत नसे. ती उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही दिलीसा का सही?"

"आपण विषयात राहू या," मी म्हणाले.

मुलं हसली. ती मुलगी हसली नाही, खाली बसली. विषय तोच तर होता. त्या दिवशी राजारामपुरीत घरी जाईपर्यंत मी स्वतःवर धुमसत होते. दुसऱ्याच्या बहिणींना अक्कल शिकवायची आणि स्वतःच्या भावापुढं 'बघू' म्हणायचं, हे मला पटेना. त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. कागद त्यानं दुसऱ्याकडून लिहून घेतले होते, आईचा वेगळा, माझा वेगळा. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दहाचा नंबर लावला होता. मी म्हणाले, माझा तास संपल्यावर ये. फोनवर मला तोडायचं नव्हतं. जे काही सांगायचं ते त्याच्या तोंडावर सांगायचं होतं.

नंबर होता त्या दिवशी तो सातलाच गाडी घेऊन विभागाच्या दारात. मागं आई, जरीकाठाची साडी नेसून. भाऊ चहा प्यायला गेला. आई माझ्या मागोमाग जिना चढली.

"मी बसतो की मागं," ती म्हणाली. "बघू तरी तू काय करतीस."

मागच्या बाकावर पदर सावरून ती बसली. शेजारच्या मुलानं दप्तर काढून जागा करून दिली, पाण्याची बाटली पुढं केली. मी शिकवायला सुरुवात केली खरी, पण नजर सारखी मागं जात होती. आईनं मला कधी कोर्टात पाहिलं नव्हतं. माझी लेक काहीतरी काळं घालून कुठंतरी बोलते, एवढंच तिला माहीत होतं. आता ती हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती, आणि मी नेमकी वारसाहक्काच्या उजळणीवर होते.

तास संपत आला. मी पुढच्या बाकाकडं पाहिलं.

"तुम्ही मागं एक प्रश्न विचारला होता," मी त्या मुलीला म्हणाले. "तेव्हा मी उत्तर दिलं नाही. आज दहा वाजता मला सही करायला बोलावलं आहे. मी ती करणार नाही."

मी खडू टेबलावर ठेवला. आईकडं बघायचं धाडस झालं नाही.

दहाच्या आत भावानं गाडी निबंधकाच्या दारात आणली. कार्यालयात गर्दी होती. भावानं दोन्ही कागद माझ्या हातात दिले, वाचून घे म्हणाला. मी माझा कागद त्याला परत दिला.

"मी करत नाही."

त्याला आधी वाटलं, काही मजकूर चुकला. मग त्याचा चेहरा उतरला.

"आक्का, तू येऊन जमीन कसणार हायस का?"

"नाही. तूच कस. पिकेल ते तूच घे. पण माझं नाव राहू दे."

"नुसतं नाव ठिवून काय करणार?"

"मी त्यांची मुलगी आहे, एवढं कागदावर राहील."

"म्हंजे म्हायार सोडलंस म्हण."

हे वाक्य येणार हे मला ठाऊक होतं. "मी काहीच सोडत नाही," मी म्हणाले. आवाज चढला असावा, कारण आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. एका घोळक्यातल्या तीन बहिणी तर सरळ माझ्याकडंच बघत राहिल्या. भाऊ भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मला त्याची दया आली, रागही आला, पण बोललेलं मागं घ्यावं असं एकदाही वाटलं नाही.

तेवढ्यात आईचा पुकारा झाला. ती उठली, कॅमेऱ्यासमोर ताठ बसली, यंत्रावर अंगठा टेकवला, आणि कागदावर एकेक अक्षर जोडत स्वतःचं नाव लिहिलं. मी अडवायला पुढं झाले तर तिनं नुसता हात वर केला.

बाहेर आलो. भाऊ गाडी काढायला गेला. तो आता मला सोडायला येणार नाही हे दिसतच होतं. मी आईला म्हणाले, "एवढा सगळा तास ऐकलास, आणि तरी केलीस?"

आईनं पदरानं अंगठ्यावरचं काहीतरी पुसलं. गाडी जवळ येत होती.

"मला त्याच्या घरात ऱ्हायचं हाय," ती म्हणाली. "तुला न्हाय. तू करू नगंस."