मराठी शिकायला वडनेरला

"येणार असशील तर थंडीत ये, उन्हाळा तुला सोसायचा नाही," असं सुनंदानं फोनवर बजावलं आणि मी लगेच डिसेंबरचं तिकीट काढलं. सुनंदा म्हणजे पुण्याच्या वसतिगृहातली माझ्या खोलीतली मैत्रीण. मूळची वर्धा जिल्ह्यातल्या वडनेरची, आता जवळच हिंगणघाटला सरकारी अधिकारी. पुण्यात नवी आली तेव्हा तिच्या वऱ्हाडी बोलण्याला आम्ही हसायचो, आणि मग मीच तिला 'शुद्ध' मराठी शिकवलं. ही गोष्ट वीस वर्षं मी मोठ्या कौतुकानं सांगत आलेय. शिवाय मी मराठीची एम.ए., म्हणजे आधीच मर्कट.

नागपूरपर्यंत रेल्वे, पुढे हैदराबादच्या हमरस्त्यानं एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा मैत्रिणींनो, उगाच खासगी गाडी करू नका. रस्ता छान आहे. कापसानं फुगलेल्या गाड्या सारख्या आडव्या येतात आणि कडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकलेले दिसतात. माझी बस जामहून समुद्रपूरकडे वळणार होती, म्हणून जामलाच उतरले. जामला पोहे जरूर खा, पण वरचा तिखटजाळ रस्सा, म्हणजे तर्री, वेगळ्या वाटीत मागा. मी नाही मागितली आणि डोळ्यांतून पाणी काढलं.

टपरीवरच्या मावशींना विचारलं, "वडनेरची बस?"

"येऊन राह्यली."

येऊन राहिली म्हणजे आलेली आहे! बॅग उचलून मी पळत सुटले. दोन ट्रक, एक ट्रॅक्टर, बस कुठेच नाही. घामाघूम होऊन परत आले. "अहो, कुठे उभी आहे?"

"उभी कुठी? येऊन राह्यली म्हन्लं ना!" मावशी मला निरखत म्हणाल्या, "मराठी येत नाई का तुमाले?" मग दया येऊन त्यांनी सरळ हिंदी लावली, "बस आ रही है, दीदी. आराम से बैठो."

महाराष्ट्रात, मराठीच्या एम.ए.ला! मी गपगुमान बाकावर बसले. बस वीस मिनिटांनी आली.

वडनेरला सुनंदा थांब्यावर उभी होती. घर नवं आहे, गच्चीवर पंचशील झेंडा, अंगणात तूर वाळत घातलेली. तिचे वडील खाटेवरून उठले, हात जोडले, हसले आणि पुन्हा बसले. जेवायला पातोडीची रस्साभाजी आणि ज्वारीची भाकरी. मी स्वयंपाकाचं कौतुक केलं, प्रवासाबद्दल सांगितलं, शेताची चौकशी केली. बाबा नुसते मान हलवत राहिले. तेवढ्यात सुनंदाला कुणा मैत्रिणीचा फोन आला आणि ती अंगणात जाऊन बोलू लागली, "काऊन वं, अजून निंगली नाई? मी कवाची वाट पाहून राह्यली!" खणखणीत, हसरा, थोडा दांडगा आवाज. हा मी कधी ऐकलाच नव्हता. आत आली आणि मला म्हणाली, "तुला अजून भाजी वाढू का?"

दुपारी भांडी घासताना मी विचारलं, "बाबांना ऐकू कमी येतं का गं?"

"नाही. नीट येतं."

तिनं तवा घासायला घेतला. मग सांगितलं. मेसमध्ये मी तिच्या 'मले-तुले'ची नक्कल केली, त्यानंतर महिन्याभरात बाबा तिला भेटायला पुण्याला आले होते. तिनं त्यांना स्टँडवरच सांगितलं, "बाबा, मैत्रिणींसमोर बोलू नका." ते दिवसभर बोलले नाहीत. मला तो दिवस आठवतो. सुनंदाचे वडील फार अबोल आहेत, असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं.

"तू येणार म्हटल्यावर त्यांनी विचारलं, 'थेच का पुण्याची पोरगी? मंग मी नाई बोलत, माय. तुले लाज वाटन.' मी किती सांगितलं. ऐकत नाहीत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर जाऊन बाबांसमोर बसले आणि माफी मागितली. त्यांनी हसून मान हलवली, बस्स. मग काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "बाबा, मले चहाले पाहिजे. तुमाले पण चहाले पाहिजे का?"

त्यांचे ओठ हलले. थांबले. मी नेटानं पुढे रेटलं, "सुनंदाले चहाले आवडते."

"अवं, चहाले नाई!" बाबांना राहवलंच नाही. "चहाले काऊन 'ले' लावतं, बाप्पा? मले, तुले, सुनंदाले. चहा म्हंजे नुसता चहा! म्हन पाहू."

मी म्हटलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. मग बाबा सुटलेच. कापसाच्या जिनिंगमधली नोकरी, गावातली भांडणं, पुण्यातला तो दिवस, आमच्या मेसची पाणचट आमटी. "तवाच सांगनार होतो," म्हणाले. सुनंदा दारात उभी राहून डोळे पुसत होती.

परत येऊन महिना झाला. बाबा दर रविवारी फोन करतात, मला शब्द विचारतात आणि चुकलं की ओरडतात. सुनंदा मात्र माझ्याशी अजून ते स्वच्छ, घडी घातलेलं मराठीच बोलते. परवा फोनवर मी तिला म्हटलं, "माझ्याशीही बोल ना तुझ्यासारखं."

"प्रयत्न केला गं," म्हणाली. "पण तुझा चेहरा समोर आला की ती भाषा तोंडात येतच नाही."