मामाच्या हातचं अळणी

कारखान्याच्या कॅन्टीनचा आचारी सगळ्यांचाच मामा होता. मालकाचा मामा, हमालाचा मामा, आणि एकदा तर त्याच्या सासऱ्यानेही त्याला मामाच म्हटलं होतं! हाताला चव अशी, की शिळ्या पावाचे तुकडे दिले तरी माणसं ताटली पुसून खात. आणि अळणी म्हटलं की मामाचं डोकं फिरे. "अळणी जेवण म्हणजे पाहुण्याचा अपमान," तो म्हणायचा. डॉक्टरने पथ्य सांगितलेल्या माणसालाही तो चोरून चिमूटभर मीठ घालायचा. असा हट्टी!

मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती दिवसभर घरात एकटी पडली. मामाने मग कॅन्टीनच्या मागच्या दारी जन्मलेलं कुत्र्याचं एक पिल्लू पिशवीत घालून आणलं. वाटाण्याएवढं, म्हणून नाव वाटाणा. "खायला काळ नि भुईला भार," मामी म्हणाली खरी, पण तासाभरात तिच्या पदराचं टोक त्याच्या तोंडात होतं आणि ती खुदुखुदु हसत होती. कित्येक आठवड्यांनी हसली हो! ते बघून मामाने मनाशी ठरवलं, याला असं खाऊ घालायचं की जग बघत राहील.

घरात मांसमच्छी कधी शिजलीच नव्हती, तेव्हा वाटाणाही शाकाहारी. मामाने मसूर शिजवली, भोपळा घोटला, पनीर कुस्करलं. इथवर ठीक होतं. पण आचाऱ्याचा हात तिथे थांबतोय कुठला? भरपूर कांदा लालसर परतला, वर लसूण, मीठ अंदाजाने. वाटाणा बकाबका खायचा आणि मामाच्या छातीला दोन बोटं जास्त फुगवटा यायचा. रोज तेच चाललं.

पुढे पिल्लू मलूल झालं. पायरी चढेना, बोलावलं तर नुसती शेपटी हलवी. हिरड्या पांढऱ्याफटक दिसायला लागल्या तशी मामाची पाचावर धारण बसली. त्याला कुशीत घेऊन तो जनावरांच्या दवाखान्यात धावला.

"खायला काय देता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मामाने कौतुकाने सगळं सांगितलं, कांदा कसा परततो तेसुद्धा.

"कांदा? रोज?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "मामा, कांदा-लसूण कुत्र्याला विषासारखे. रक्त नासतं त्यांनी."

मामा तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. पुढचं त्याने जिवाचा कान करून ऐकलं. शाकाहारावर ठेवता येईल, पण मनाने काही करायचं नाही. वाढत्या पिल्लांसाठी मिळणारं शाकाहारी तयार खाणं भिजवून द्यायचं, तेच मुख्य. त्यात थोडी उकडलेली मसूर, भोपळा, पनीर. औषधाची पावडर सांगितली तेवढीच. दर आठवड्याला वजन. आणि मीठ-मसाला काही म्हणजे काही नाही. "आता दोन दिवसांत पोटात अन्न गेलं तर सावरेल. नाही गेलं तर इथे ठेवावं लागेल, आणि मग मी काही खात्री देत नाही."

रस्ताभर मामा रडला. "मीच घातलं गं, माझ्या हातांनी घातलं," तो घरी येऊन मामीला म्हणाला. मामीने त्याला बोल लावला नाही. तिने पिल्लाला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "अहो, आधी चूल पेटवा. रडायचं मागाहून."

मामाने सांगितल्याबरहुकूम सगळं केलं. पण वाटाण्याला चटक लागलेली परतलेल्या कांद्याची! त्याने ताटली हुंगली आणि मान फिरवली. सकाळी तेच, दुपारीही तेच. दुसऱ्या दिवशी मामा कामावर गेलाच नाही. हाताने भरवून पाहिलं, चुचकारलं, दटावलं. संध्याकाळपर्यंत पिल्लाला डोळे उघडायचाही कंटाळा आला.

"अहो, वासापुरता एवढासा कांदा..." मामी काकुळतीला आली. "नुसता फिरवून काढून घ्या. निदान खाईल तरी."

मामाने कांदा हातात घेतलासुद्धा. मग खिडकी उघडली आणि टोपलीसकट सगळे कांदे अंगणात फेकून दिले.

परत येऊन त्याने पातेल्यातलं तेच खाणं दुसऱ्या ताटलीत वाढून घेतलं, औषधाशिवाय, पण तयार खाण्याच्या भिजलेल्या गोळ्यांसकट. वाटाण्याच्या शेजारी फरशीवर मांडी ठोकली आणि पहिला घास तोंडात घातला. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात अळणी घास गिळला नव्हता, तो डोळे मिटून चावत राहिला.

वाटाण्याने मान उचलली. मामाच्या तोंडाकडे पाहिलं. मामाने दुसरा घास घेतला, तसं पिल्लू सरपटत पुढे आलं आणि आपल्या ताटलीला त्याने जीभ लावली. एकदा, मग पुन्हा. मामा थांबला की तेही थांबे. मामाने घास घेतला की तेही घेई.

मामीने तोंडावर पदर दाबला. ताटली अर्धी झाली तेव्हा तिने विचारलं, "कसं झालंय हो?"

"भिकार," मामा म्हणाला. डोळ्यांतलं पाणी त्याने पुसलंही नाही. "वाढ अजून थोडं."